घर घेताना : किमतीपलीकडचा खर्च



पेरणी, खत, औषधफवारणी यांविषयी आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी दोन खोल्या घ्याव्यात, किंवा गावातच शेजारचं घर विकायला निघालंय तर घेऊन टाकावं, असा विचार पुष्कळांच्या मनात असतो. घराची किंमत आपण घासाघीस करून ठरवतो. पण त्या किमतीच्या वर जो खर्च येतो, त्याचा हिशेब बहुतेकजण करीत नाहीत.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. कारखान्याचं ऊसबिल आलं, थोडं सोनं मोडलं आणि मालकाला सगळी रक्कम मोजून दिली. मग कळलं, की खरेदीखत नोंदवायला लाखाच्या वर पैसे लागतात. जवळ काहीच उरलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं, "स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, नोटरी करा, झालं." त्यांनी तसंच केलं. तीन वर्षांनी विकणारे वारले. आता त्यांचा मुलगा आणि दोन मुली म्हणतात, आम्हाला आणखी पैसे द्या, तरच सही करू. हे गृहस्थ राहतात त्या घरात, पण घर त्यांच्या नावावर नाही. शिवाय तोवर सरकारी मूल्यदरही वाढला, म्हणजे खर्चही वाढला.

लक्षात घ्या, शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरजागेची विक्री नोंदणी केल्याशिवाय पुरी होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो दस्त दुय्यम निबंधकाकडेच नोंदवावा लागतो. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी बदलत नाही.

आता खर्चाकडे वळू. मोठा खर्च मुद्रांक शुल्काचा, म्हणजे ज्याला आपण स्टॅम्प ड्यूटी म्हणतो त्याचा. वेगळं काही ठरलेलं नसेल तर तो घेणाऱ्यानं करायचा. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या हद्दीत दर निरनिराळे आहेत. तेव्हा तुमच्या गावचा आजचा दर निबंधक कार्यालयातच विचारावा. शुल्क नुसत्या सौद्याच्या किमतीवर बसत नाही. सरकारचे मूल्यदर तक्ते असतात, लोक त्याला रेडी रेकनर म्हणतात. सौद्याची किंमत आणि तक्त्याची किंमत यांपैकी जी जास्त, तिच्यावर शुल्क बसतं.

एक उदाहरण घेऊ. सौदा 18 लाखांचा, तक्त्याप्रमाणे किंमत 20 लाख. हिशेबापुरता दर शेकडा 5 धरू. शुल्क झालं 1 लाख. नोंदणी फी शेकडा 1 प्रमाणे 20 हजार. म्हणजे 1 लाख 20 हजार, वकील अजून यायचाच आहे! दस्तात किंमत कमी दाखवून हा खर्च वाचवू म्हणाल, तर तक्ता आडवा येतो. शुल्क कमी भरल्याचं उघडकीस आलं तर वर दंडही बसतो.

हेच घर फक्त घरधनिणीच्या नावावर घेतलं, तर 2021 पासून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात शेकडा 1 ची सवलत आहे. वरच्या हिशेबात 20 हजार वाचले. पण दस्तात नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत गेली. काही मंडळींना हे पटत नाही, पण 20 हजारांत काय काय येतं ते ज्यानं त्यानं पाहावं.

वकिलाची फी सरकारनं ठरवून दिलेली नाही. म्हणून कागद हातात देण्याआधीच विचारावं : कागद तपासण्याचे किती, निबंधक कार्यालयातल्या शोधाचे किती, खरेदीखत लिहिण्याचे किती, नोंदणीला बरोबर येण्याचे किती? सगळे मिळून एक आकडा सांगितला तर तो फोडून मागावा. सरकारी चलन वेगळं आणि वकिलाची पावती वेगळी घ्यावी. विचारण्यात लाज कसली? बैल घेताना दात बघतोच की आपण.

शोध म्हणजे मागच्या तीस वर्षांत त्या घराचे काय व्यवहार झाले, कुठं गहाण आहे का, हे पाहणं. या पैशात काटकसर करू नये. घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींचा हक्क आहे का हे जरूर पाहावं. 2005 च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. एकट्या भावाच्या सहीवर विसंबू नये. बहिणींच्या सह्या दस्तावर घ्याव्यात, नाहीतर नोंदवलेलं हक्कसोडपत्र पाहावं.

गावठाणातलं घर असेल तर पुष्कळजण ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा दाखवतात. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका तयार करण्याचं काम हाती घेतलं गेलं. तुमच्या गावात पत्रिका निघाली असेल तर ती मागून बघावी.

महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना आणि ठरावीक मर्यादेच्या आतल्या उत्पन्नाच्या लोकांना 1987 च्या कायद्याप्रमाणे मोफत कायदेविषयक मदत मिळते, त्यात सल्लाही आला. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं चौकशी करावी.

विसार देताना रोख देऊ नये, बँकेतून द्यावा, म्हणजे पुरावा राहतो. मोठ्या रोख रकमांवर आयकर कायद्याचेही निर्बंध आहेत. विसारपावतीवर खरेदीची मुदत, आणि कागदात खोट निघाल्यास विसार परत मिळेल ही अट लिहून घ्यावी. बँकेचं कर्ज काढणार असाल तर प्रक्रिया फी, बँकेच्या वकिलाची व मूल्यांकनाची फी वेगळी पडते. ती भरूनही कर्ज नामंजूर होऊ शकतं, म्हणून परत मिळणारी कोणती, न मिळणारी कोणती, हे आधी लिहून घ्यावं.

सौदा ठरवायच्या आधी हा सगळा खर्च एका कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम बाजूला काढून मगच मालकाला आकडा सांगा. दस्तावर सह्या झाल्या की चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करायचा असतो. नोंदणी झाली की सूची दोनची नक्कल घ्या आणि ती घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नावाच्या नोंदीचा अर्ज द्या. वीज मीटर आणि नळजोडही तेव्हाच नावावर करून घ्या, त्याआधी मागची थकबाकी विकणाऱ्याकडून भरून घ्या.