हजर, बाई



माझं नाव पुकारल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, ही बोलणार?" प्रश्न बरोबर आहे. मी शाळेत तोतरी होते, आजही आहे. आत्ता ऐकताच आहात.

माझा दिवस हजेरीपासूनच बिघडायचा. माझा नंबर २७. पंचविसावा पुकारला की घसा आवळायचा. 'हजर'मधला 'ह' निघायचाच नाही. मग गैरहजेरी लागायची, नाहीतर मागचा बाक माझी नक्कल करत ओरडायचा. तो बाक आज इथेच आहे, चांगला जाडजूड झालाय. आता राग नाही. तेव्हा होता.

घरी आजी वेखंड मधात उगाळून जिभेला लावायची. दोष जिभेचा नसतो, मेंदूकडून बोलण्याची जी जुळणी होते तिथे अडतं, हे मला इंजिनिअरिंगला असताना वाचा-उपचार घेतले तेव्हा कळलं. शाळेच्या वयात अडखळणाऱ्या साधारण चार मुलग्यांमागे एखादीच मुलगी असते. माझ्यासारखी दुसरी मला शाळेत दिसलीच नाही.

सातवीत एका शिक्षकांनी दया येऊन वर्षभर माझी वाचनाची पाळीच वगळली. हेतू चांगला होता. पण सव्वीसनंतर थेट अठ्ठावीस! मी वर्गात नाहीच, असं वाटायचं. नकलांपेक्षा ते जास्त लागलं.

आठवीत मराठीच्या बाईंनी मधल्या सुट्टीत बोलावून विचारलं, "काय केलं तर तुला सोपं जाईल गं?" हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी वहीत लिहून दिलं. दुसऱ्या दिवसापासून हजेरीला हात वर करायचा, आणि तो सगळ्या वर्गाने, माझ्या एकटीने नाही. वाचायचा उतारा बाई आदल्या दिवशी सांगायच्या. आधी शेजारणीबरोबर एका सुरात वाचायचं. दोघांनी मिळून वाचताना बहुतेकांचं अडखळणं कमी होतं, माझंही झालं. दिवाळीनंतर एकटीने. मी अडकले तर बाई शब्द पुरवायच्या नाहीत, "सावकाश" म्हणायच्या नाहीत, नजरही चुकवायच्या नाहीत. नुसत्या थांबायच्या. तोंडी परीक्षाही त्यांनी चुकवू दिली नाही. माझी शेवटी घेतली, आणि मनगटावरचं घड्याळ काढून खणात ठेवलं.

त्याने मी बरी झाले नाही. पण आज रोज सकाळी टीमच्या बैठकीत बोलावं लागतं. नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, "मी अडखळते. माझं वाक्य पूर्ण करू नका, थांबा." हे सांगायचं धाडस त्या वर्षातलं.

मघाशी इथल्या एक शिक्षिका विचारत होत्या, सहावीत असाच एक मुलगा आहे, त्याला तोंडी परीक्षेतून सूट द्यावी का? मी म्हटलं, आधी त्यालाच विचारू. जेवणानंतर तो आईबरोबर येणार आहे.

बाई, तुम्ही पण थांबाल का?