हसणारा शेजारी, साक्षीदार शेजारी



सेंद्रिय शेतीचे फायदे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही; ते या सभागृहात सर्वांना पाठ आहेत. शेतकऱ्यालाही ते ठाऊक आहेत. घरी खायच्या भाजीचा वाफा बिनफवारणीचा ठेवणारे कितीतरी जण आपण पाहिलेत. तोच माणूस पाच एकर कपाशीला मात्र युरिया टाकतो. असं का?

1979 साली कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मिळालेल्या शंभर रुपयांच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभराचं दुःख मोठं असतं. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मनात याला आणखी एक पीळ आहे. चारचौघांसारखं करून पीक बुडालं, तर ते नशीब. वेगळं करून बुडालं, तर तो मूर्खपणा. नशिबाला गाव हळहळतं, मूर्खपणाला हसतं.

हे शेतात कसं घडतं पाहा. युरिया दिला की आठवड्यात पिकाला काळोखी येते, डोळ्यांना दिसते. धुऱ्याच्या पलीकडे शेजाऱ्याची कपाशी अशी हिरवीगार आणि अलीकडे आपली फिकट. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून एकजण काठीने जीवामृत ढवळतो आहे. रस्त्याने जाणारा विचारतो, "काय भाऊ, यंदा खताले पैसे नव्हते काय?" एवढा एक प्रश्न पुरतो. दोन दिवसांनी तो माणूस कृषी केंद्राच्या पायरीवर दिसतो. तिथे उधारी आणि सल्ला एकाच गल्ल्यावर मिळतात. जीवामृतवाल्याला "थोडं थांब" म्हणणारंही कुणी नसतं.

भीती घालून हे सुटत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले. तरी फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर चढलेच.

हुकूम सोडूनही सुटत नाही. श्रीलंकेने 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि त्याच वर्षी मागे घेतली. सिक्कीममध्ये मुळात रसायनांचा वापर कमी होता, तरीही 2003 च्या ठरावापासून पूर्ण सेंद्रिय राज्याच्या घोषणेपर्यंत 2016 उजाडलं.

हंगामी पिकांना सेंद्रिय रूपांतरासाठी दोन वर्षं लागतात, फळबागांना तीन. या काळात उतारा घटू शकतो आणि सेंद्रियचा पूर्ण शिक्काही मिळत नाही. म्हणजे हसणाऱ्यांना भरपूर सवड. सहभागी हमी पद्धतीचं मोल मला इथे दिसतं. तिच्यात गटातले शेतकरी एकमेकांची शेतं तपासून ग्वाही देतात. काल हसणारा शेजारी आज साक्षीदार होतो. पीक बसलं तर दोष एकट्याच्या माथी येत नाही.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. पाच एकर मागू नका, अर्धा एकर मागा. एकट्याला गाठू नका, धुऱ्याला धुरा लागून असलेल्या चौघांना एकत्र बसवा. बैठकीला घरातल्या बाईलाही बोलवा. निंदणाचा वाढीव भार बहुधा तिच्यावरच पडतो. पहिल्या वर्षी फोटो काढायला सगळेच जातात. तुम्ही दुसऱ्या वर्षी जा, कपाशी फिकट असताना, आणि रस्त्यावरून दिसाल असे शेतकऱ्याच्या धुऱ्यावर उभे राहा.