शब्दांवर विसंबणारी आई

मुलगी शाळेंतून घरीं येते, दप्तर कोपऱ्यांत टाकते आणि "कांहीं झालं नाहीं" एवढें बोलून खोलीचें दार लावून घेते. बहुतेक आया हें वाक्य उलट अर्थानें घेतात आणि घटकाभरानें दार ठोठावतात. पण एखादी आई त्याचा अर्थ जसाच्या तसा घेते आणि निश्चिंत मनानें कामाला लागते. दाराआड मुलीच्या मनांत येतें, आईला माझी पर्वाच नाहीं! स्वमग्न आई आणि स्वमग्न नसलेली तिची वयांत आलेली मुलगी यांच्यामधील पुष्कळसें दुःख अशा एखाद्या दारापाशींच सांठलेलें असतें.

स्वमग्नता ही मनाची जन्मजात घडण आहे. आवाजांतील छटा, चेहऱ्यावरील भाव, सूचक बोलणें यांचा अर्थ अशा व्यक्तीला आपोआप लागेलच असें नाहीं. गोंगाट किंवा दिनक्रमांतील अचानक बदल अनेकींना असह्य होतो. उलट तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलींचें जग बव्हंशीं सूचनांवरच चालतें. कोणीं नजर फिरविली, कोण बोललें नाहीं, यावर तेथें मैत्री जुळते नि तुटते. ज्या प्रांताची भाषा आईला परकी, नेमकी तेथेंच वाट दाखविण्याची पाळी तिच्यावर येते.

अशा आईला निष्ठुर ठरविणें सोपें आहे. लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अकरा स्वमग्न मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर, आईच्या थंडपणामुळें मूल स्वमग्न होतें, असा समज बोकाळला. बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ सालीं त्याचें साधार खंडन केलें, तरी तो डाग पुसला जाण्यास फार काळ लागला. आई स्वतःच स्वमग्न असूं शकेल, हा विचार तर त्याहूनहि उशिरां पुढें आला.

केंब्रिजच्या संशोधकांनीं २०२० सालीं ३५५ स्वमग्न व १३२ इतर मातांच्या अनुभवांची तुलना प्रसिद्ध केली. या सर्वांचें निदान एक अपत्य स्वमग्न होतें. घरकाम आणि एकाच वेळीं अनेक व्यवधानें सांभाळणें स्वमग्न मातांना अधिक जड जात होतें. पण अपत्याच्या गरजेला अग्रक्रम देण्यांत त्या मागें नव्हत्या. उणीव मायेची नव्हेच. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, असा गैरसमज दुहेरी असतो. दोन्ही बाजू एकमेकींस वाचण्यांत चुकतात.

म्हणून उपायहि दुहेरीच हवा. मुलीनें "आज तूं नुसती जवळ बैस" असें स्पष्ट सांगावें. आईनें "या गोंगाटानें मी थकलें आहें, अर्ध्या तासानें बोलूं" असें सांगावें आणि तो अर्धा तास पाळावा. मात्र आईच्या वतीनें जगाशीं बोलण्याचा सारा भार मुलीच्या कोवळ्या खांद्यांवर पडूं नये. तेथें वडील, मावशी, शिक्षिका यांनीं पुढें व्हावें.

जी आई सूचक बोलत नाहीं, तिच्या स्तुतींत टोमणा नसतो आणि तिच्या होकारांत नकार लपलेला नसतो. हें मुलीला उमगलें, म्हणजे एखाद्या संध्याकाळीं ती स्वतःच दार उघडते आणि म्हणते, "आई, आज कांहींतरी झालं आहे." आई हातांतलें काम खालीं ठेवते.