लाडूची कात



माझी चौतीस वर्षांची नोकरी हवा ओली ठेवण्यात गेली. हे ऐकून लोक हसतात, पण ते खरं आहे. सोलापूरच्या एका सूतगिरणीत मी ह्युमिडिफिकेशन खात्यात होतो. सोलापूरची हवा किती कोरडी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमची कडक भाकरी महिनाभर कडक राहते ती या हवेमुळे. भाकरीला जी हवा मानवते, ती सुताला मात्र मानवत नाही. हवा कोरडी पडली की धागा तटातट तुटतो, तंतू वीज धरतात आणि कापूस खातंभर उडत राहतो. उलट ओलावा जास्त झाला की सूत रोलरला चिकटून गुंडाळलं जातं. म्हणून साच्यांच्या खात्यात आम्ही आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास ठेवायचो. दोन अंश इकडेतिकडे झाले की साचेवाला माझ्या नावानं ओरडायचा.

ही विद्या निवृत्तीनंतर एका सापासाठी वापरावी लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझी मुलगी अमेरिकेत शिकागोच्या एका उपनगरात राहते. २०२२ च्या नोव्हेंबरात मी आणि ही, दोघं सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो. विमानतळावरून घरी जाताना मुलगी म्हणाली, "बाबा, एक सांगायचं राहिलं. याच्या खोलीत साप आहे." मला वाटलं, थट्टा करते आहे. तेरा वर्षांचा नातू मागच्या सीटवरून म्हणाला, "आजोबा, त्याचं नाव लाडू आहे."

तो होता बॉल पायथन, म्हणजे अजगराच्या कुळातला छोटा भाऊ. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचा. घाना, टोगो, बेनिन या देशांतून हे साप फार मोठ्या संख्येनं बाहेर गेले. आता त्यांची पैदास माणसाच्या हाताखालीही होते आणि लाडू तशाच एका ठिकाणी अंड्यातून निघालेला. बिनविषारी, लांबी तीन-चार फूट. घाबरला की डोकं मधे घेऊन अंगाचा गोळा करतो, म्हणून इंग्रजीत 'बॉल' आणि आमच्या नातवाच्या मराठीत 'लाडू'.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे नाग, धामण, अजगर असा कुठलाही देशी साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. परदेशी जातींपैकीही ज्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, त्यांची सरकारकडे नोंद करावी लागते. तेव्हा माझं भाषण ऐकून कुणी साप घरी आणू नये. मी सांगतोय ती गोष्ट हवेची आहे.

पहिले दहा दिवस मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. त्याला भीतीखेरीज दुसरंही एक कारण होतं, ते पुढे सांगतो. अकराव्या दिवशी नातू रडत बाहेर आला. लाडूनं कात टाकली होती, पण ती अखंड निघाली नव्हती. अंगावर जागोजागी पापुद्रे चिकटलेले, शेपटीच्या टोकाला एक घट्ट कडं आणि दोन्ही डोळे धुरकट.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, घड्याळाच्या काचेसारखा. कात निघते तेव्हा तोही जुना खवला कातेबरोबर निघतो. कात टाकायच्या आधी जुन्या आणि नव्या त्वचेमध्ये एक द्रव उतरतो, तेव्हा डोळे निळसर दुधी दिसतात. मग ते पुन्हा स्वच्छ होतात आणि काही दिवसांनी साप नाक खरखरीत वस्तूवर घासून कात सोडवतो. पायमोजा उलटा काढावा तशी ती तोंडापासून शेपटीपर्यंत निघते. हवा कोरडी असेल तर मात्र कात वाळते, चिकटते आणि तुकड्यातुकड्यांनी फाटते. शेपटीवर राहिलेलं कडं रक्तपुरवठा तोडतं आणि टोक झडून जातं. डोळ्यावरची काच राहिली आणि दर खेपेला तिच्यावर थर चढत गेले, तर डोळ्याला इजा होते.

मुलीनं त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कोमट ओल्या टॉवेलात त्याला काही वेळ फिरू दिलं, तेव्हा अंगावरचे पापुद्रे आणि शेपटीचं कडं सुटलं. डोळ्यांना त्यांनी हात लावला नाही. "चिमट्यानं ओढायचं नाही, खालचा डोळा जाईल. पुढच्या कातेबरोबर बहुधा निघेल, पण त्यासाठी पेटीत ओलावा हवा," असं त्या म्हणाल्या. पुढची कात पाच-सहा आठवड्यांनी येणार होती. घरी आल्यावर मुलीनं नातवाला बजावलं, "या वेळी नीट झालं नाही, तर लाडू ज्याला सांभाळता येतो त्याच्याकडे जाईल."

नातू म्हणत होता, "मी रोज तीनदा पाणी फवारतो. मीटर साठ दाखवतो!" पोरगा खोटं बोलत नव्हता. पेटीच्या काचेवर काट्याचा एक गोल मीटर चिकटवला होता आणि त्याचा काटा खरंच साठाच्या जवळ होता.

श्रोतेहो, माझे ओठ त्या दहा दिवसांत फुटले होते. दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगीचा चटका बसायचा. हिच्या पातळाच्या निऱ्या पायांना चिकटायच्या. कोरड्या खात्यात तंतू वीज धरतात, तेच हे. या घरात साठ टक्के ओलावा? माझा विश्वास बसेना. त्या मीटरसाठी मी पहिल्यांदा त्या खोलीत गेलो.

मीटर तपासायची एक सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं आणि ते फक्त ओलं चिंब होईल इतकंच पाणी घालायचं. ते झाकण आणि मीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवायचं. आतली हवा पंचाहत्तर टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते. हा मिठाचा स्वभावच आहे. सकाळी आम्ही पाहिलं, तर मीटर पिशवीतही साठच दाखवत होता. काटा अडकला होता. नातू ज्याच्यावर भरवसा ठेवून होता, तो मीटर मुकाच होता.

आम्ही दोन डिजिटल मीटर आणले. एक पेटीच्या ऊबदार बाजूला, एक थंड बाजूला. ऊबदार बाजूला आकडा आला बावीस.

नातवाला मी वहीत हिशेब मांडून दाखवला. एक घनमीटर हवा शून्य अंशाला जास्तीत जास्त पाच ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते, बावीस अंशाला सुमारे एकोणीस आणि बत्तीस अंशाला सुमारे चौतीस ग्रॅम. बाहेर बर्फ पडत असतो, त्या हवेत वाफ मुळातच थोडी. तीच हवा घरात येते, हीटर ती तापवतो. वाफ तेवढीच, पण हवेची भूक चौपट होते. मग ती हवा सापाच्या पेटीत शिरते, तिथे दिवा तिला आणखी तापवतो. ही भुकेली हवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. आपल्या ओठांतून आणि लाडूच्या कातडीतूनसुद्धा.

"मग मी फवारतो ते पाणी?" त्यानं विचारलं. ते अर्ध्या तासात वरच्या जाळीतून निघून जात होतं. पेटीचं झाकण म्हणजे सगळी जाळी, आणि तिच्यावर दिवा. अशा खात्यात मी चोवीस तास पंप चालवला असता तरी साचेवाला ओरडलाच असता.

मग लाडू मुळात कसा राहतो, ते आम्ही वाचलं. त्याच्या मुलखातही कोरडा ऋतू असतो. पण तो दिवसा उंदीर-घुशींच्या बिळांत नाहीतर वारुळांत असतो आणि जमिनीखालचा ओलावा तिथे टिकून राहतो. म्हणजे त्याला पाऊस नको, बीळ हवं. त्याच्या जातीला साधारण साठ टक्के आर्द्रता मानवते आणि कात टाकायच्या दिवसांत सत्तर. रखरखीत मुलखातल्या सापांना एवढा ओलावा उलट बाधतो, म्हणून हा आकडा सरसकट सगळ्या सापांना लावायचा नाही.

आम्ही कामाला लागलो. पेटीतला कागद काढून नारळाच्या सोडणांच्या तुकड्यांचा चार इंच जाड थर दिला. पाणी वरून फवारण्याऐवजी कोपऱ्यांतून तळाशी सोडलं, म्हणजे तळ ओला आणि वरचा थर कोरडा. पाण्याचं भांडं मोठं आणलं आणि ऊबदार बाजूला सरकवलं. प्लास्टिकच्या डब्याला भोक पाडून त्यात ओलं करून पिळलेलं शेवाळ भरलं. ते झालं लाडूचं बीळ. आणि दिव्यापुरती जागा सोडून जाळी झाकली.

इथे माझी चूक झाली. आकडा बावन्नवर अडला, तेव्हा मला राहवेना. रात्री सगळे झोपल्यावर मी जाळीचा उरलेला भागही झाकला आणि दोन तांबे पाणी आणखी ओतलं. दुसऱ्या दिवशी आकडा अठ्ठ्याऐंशी! मी खूश. चौथ्या दिवशी पेटीला कुबट वास आला, कोपऱ्यात पांढरी बुरशी दिसली आणि लाडूच्या पोटाखाली दोन खवले लालसर झाले. ओल्या बिछान्यावर सतत पडून राहिलं की सापाची कातडी कुजू लागते, आणि कोंडलेल्या दमट हवेत फुप्फुसाचा संसर्गही होऊ शकतो. माझ्या खात्यात जितकं महत्त्व पाण्याला, तितकंच हवा खेळती ठेवण्याला होतं. चौतीस वर्षं मी ते पाळलं आणि एका रात्रीत विसरलो. नातवासमोर मी ते कबूल केलं. तो म्हणाला, "इट्स ओके, आजोबा." पुन्हा डॉक्टर, मलम, कोरडा बिछाना. चार दिवस त्यानं माझ्याशी जरा कमीच बोलणं ठेवलं, आणि ते योग्यच होतं.

त्याच दिवसांत एका संध्याकाळी मी त्याला ती दुसरी गोष्ट सांगितली. गिरणीत जमिनीखालून ओल्या हवेचे बोगदे जातात. एका उन्हाळ्यात त्यात साप निघाला. माणसं माझ्याकडे पळत आली आणि मी म्हणालो, मारा. मारल्यावर एका म्हाताऱ्या कामगारानं त्याला काठीनं उलटा केला आणि म्हणाला, "साहेब, धामण होती. उंदीर खायला आली होती." उंदरांचा आम्हाला फार त्रास होता. बाहेर बेचाळीस अंशांचं ऊन, तीही बिचारी गारव्याला आली असणार. हे ऐकून नातू काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं लाडूला उचललं आणि माझ्या हातांवर ठेवलं. साप ओला किंवा बुळबुळीत नसतो, श्रोतेहो. कोरडा आणि मऊ असतो, धुऊन वाळवलेल्या सुती कापडासारखा.

पुढे आम्ही रोज सकाळी आणि रात्री दोन्ही मीटरचे आकडे वहीत लिहू लागलो. जाळीचा एक भाग कायम उघडा ठेवला. आकडा अठ्ठावन्न ते बासष्टमध्ये स्थिर झाला. डिसेंबरच्या अखेरीस लाडूचा रंग फिका पडला आणि त्यानं खाणं सोडलं. कातेआधी असं होतं. आम्ही शेवाळ पुन्हा ओलं केलं, आकडा सत्तरवर नेला आणि त्याला हात लावायचं बंद केलं. डॉक्टरांनी तेवढंच सांगितलं होतं. वाट बघणं हेच काम होतं आणि तेरा वर्षांच्या मुलाला त्याहून अवघड काम नाही.

जानेवारीतल्या एका पहाटे त्यानं मला हलवून उठवलं. शेवाळाच्या डब्याबाहेर कात पडली होती. उलटी, ओलसर, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. मुलीनं दिवा लावला आणि आम्ही कातेचं डोकं उजेडात धरलं. डोळ्यांच्या जागी दोन्ही काचा होत्या, आणि त्या जाड होत्या. मागच्या खेपेच्याही त्यांच्यासोबत निघाल्या होत्या. पेटीत लाडू नव्या डोळ्यांनी जीभ लवलवत होता. कात मोजली तर सापापेक्षा लांब भरली. ती निघताना ताणते, म्हणून आपल्याकडे कुणाच्या अडगळीत कात सापडली की "केवढा मोठा साप!" म्हणून घर हादरतं. साप तेवढा नसतो.

हे साप तीस वर्षंही सहज जगतात. लाडू म्हातारा होईल तेव्हा माझा नातू चाळिशी ओलांडलेला असेल, आणि मी काही ते पाहायला नसेन. पण मिठाची युक्ती आणि आकड्यांची वही त्याच्याकडे आहे.

आता दर रविवारी त्याचा फोन येतो. आधी आजीशी बोलतो, शेंगाचटणी संपली म्हणून सांगतो. मग मला म्हणतो, "आजोबा, आज साठ." मी म्हणतो, "जाळी उघडी आहे ना?" तो हसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)