हलक्या विमानातील हलकी बॅटरी



मीरा-भाईंदरच्या दक्षिण टोकास, दहिसर नाक्याजवळ, पेणकरपाडा ही वस्ती आहे. तेथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर कांदिवलीचे चारकोप लागते, आणि उत्तरेस खाडी ओलांडली की वसई लागते. आजच्या विषयाच्या दोन बाजू या दोन गावी घडलेल्या गोष्टींत दिसून येतात. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

चारकोप येथे कॅप्टन अमोल यादव या वैमानिकाने राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले. २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०१९ साली त्यास चाचणीच्या उड्डाणांची अनुज्ञा मिळाली. असे विमान कारखान्यातून प्रमाणित होऊन बाहेर पडत नाही. बांधणारा ते प्रयोग म्हणून बांधतो, आणि त्यातील पुष्कळशा वस्तूंची निवड त्याची त्यालाच करावी लागते. अशा विमानास प्रायोगिक विमान म्हणतात.

वसईची हकीकत दुःखाची आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील एका घरात विजेच्या स्कूटरची लिथियम बॅटरी रात्री चार्जिंगला लावलेली होती. पहाटे ती फुटली, आणि तीत भाजलेले सात वर्षांचे मूल पुढे दगावले.

ज्या वस्तूने घरात असा घात केला, तिच्याच जातीची वस्तू विमान बांधणाऱ्यास हवीशी का वाटावी? याचे उत्तर एका शब्दात देता येते : वजन. लहान विमानाचे इंजिन चालू करण्यास शिशाची जी बॅटरी लागते, तिचे वजन सुमारे सात किलो भरते. तेच काम करणारी लिथियमची बॅटरी दोन किलोंच्या आसपास असते. मोटारीत पाच किलोंची कोणी गणती करणार नाही. परंतु दोन आसनांच्या विमानात तेवढ्या वजनाचे इंधन अधिक घेता येते. तेव्हा हा मोह अडाणीपणाचा नव्हे.

आता या बॅटरीचा स्वभाव पाहू. तिच्या आतील द्रव ज्वालाग्राही असतो. शिशाच्या बॅटरीत विजेचा भर प्रमाणाबाहेर गेला, तर पाणी उकळते, वास येतो आणि बॅटरी निकामी होते. लिथियमच्या घटात तसे झाले तर तो तापतो. तापल्याने आतील रासायनिक क्रिया वाढते. त्या क्रियेने तो आणखी तापतो. ही साखळी एकदा सुरू झाली की बाहेरची वीज बंद केली तरी ती थांबतेच असे नाही. शेजारचा घट त्या आचेने पेटतो, मग त्याच्या शेजारचा. लिथियमच्या घटांतही जाती आहेत. कोबाल्टयुक्त घट अधिक तापट; लोह आणि फॉस्फेट यांचा घट पुष्कळ शांत. म्हणून लहान विमानात इंजिन चालू करण्यासाठी बहुधा हा दुसरा घट घेतात. असे चार घट एकापुढे एक जोडले म्हणजे सुमारे तेरा व्होल्टची बॅटरी होते. परंतु शांत म्हणजे निर्धोक नव्हे, हे ध्यानात असावे.

या बाबतीत जगातील मोठ्या कारखान्यांसही धडा मिळालेला आहे. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपानी कंपनीच्या बोईंग ७८७ विमानातील बॅटरी पेटली. दहा दिवसांच्या आतच त्याच जातीच्या दुसऱ्या विमानास, बॅटरीतून धूर निघाल्यामुळे, जपानातील ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. जगभरची ही विमाने जमिनीवर ठेवण्यात आली; त्यांत एअर इंडियाचीही होती. बॅटरीतून धूर निघण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाणतासांत एकदाही येणार नाही, असा कारखान्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात एक लाख तास पुरे होण्यापूर्वीच तो दोनदा आला. एक घट बिघडला तरी आग पुढे पसरणार नाही, हे गृहीतच चुकीचे ठरले.

यावर योजिलेला उपाय आपल्या विषयास फार उपयोगी आहे. घट कधीच पेटणार नाही, अशी हमी कोणी दिली नाही. घटांमध्ये अंतर वाढविले, चार्जिंगच्या मर्यादा आवळल्या, बॅटरी पोलादी पेटीत बंद केली, आणि त्या पेटीतील धूर थेट विमानाबाहेर जावा म्हणून नळी बसविली. त्यायोगे विमानाचे वजन सुमारे अडुसष्ट किलोंनी वाढले. हलकेपणासाठी घेतलेल्या वस्तूपायी हे वजन पुन्हा पत्करावे लागले, आणि ते पत्करले हेच शहाणपणाचे झाले.

लहान विमान बांधणाऱ्यानेही हाच हिशेब मांडावा. वाचविलेल्या पाच किलोंपैकी एक-दोन किलो त्याने सुरक्षिततेस परत द्यावे. ते कोठे द्यावे, हे क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, विजेचा दाब. लोह-फॉस्फेटच्या चार घटांना साडेचौदा व्होल्टच्या सुमारास पूर्ण भरल्यासारखे होते. इंजिनावरील जनित्राचा नियामक बिघडला तर हा दाब भराभर चढतो. म्हणून दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाताच जनित्राची वीज आपोआप तोडणारी स्वतंत्र योजना हवी. वैमानिक काटा पाहून खटका बंद करील, या भरवशावर राहू नये. तेवढा अवधी मिळत नाही.

दुसरी गोष्ट, बॅटरीच्या पोटातील रक्षक मंडल. चांगल्या बॅटरीत ते असतेच, आणि धोका दिसताच ते बॅटरीस विमानापासून तोडते. परंतु इंजिनाची ठिणगी किंवा इंधनाचा पंप त्याच विजेवर चालत असेल, तर बॅटरी वाचते आणि इंजिन मात्र आकाशात बंद पडते. अशा विमानात दुसरी लहान बॅटरी वेगळ्या तारेने जोडलेली असावी.

तिसरी गोष्ट, जागा. इंजिनाच्या कप्प्यात उष्णता फार. आपल्या कोकणपट्टीत वैशाखातील दुपारी उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा बंद कप्पा मुळातच तापलेला असतो. तेथे बॅटरी ठेवणे म्हणजे तिचे आयुष्य आपण होऊन कमी करणे होय. ती बैठकीच्या बाजूस ठेवावी, तर धूर वैमानिकाच्या नाकातोंडात जाण्याचे भय. आणि तो धूर विषारी असतो. म्हणून पोलादाची पेटी आणि बाहेर जाणारी नळी ही कोठेही टळत नाहीत. उलटपक्षी, शून्य अंशाखालील थंडीत ही बॅटरी चार्ज करू नये. तसे केल्यास आत लिथियम धातूचा थर साचून पुढे घात होतो.

चौथी गोष्ट, जमिनीवरील चार्जिंग. २०११ साली अमेरिकेतील विचिटा येथे एका लहान जेट विमानाची लिथियम बॅटरी पेटली, तेव्हा ते विमान उडत नव्हते. जमिनीवरील विजेस जोडलेले होते. म्हणून बॅटरीच्या कारखान्याने सांगितलेलाच चार्जर वापरावा, फुगलेली किंवा आपटलेली बॅटरी पुन्हा जोडू नये, आणि चार्जिंग चालू असता जवळ जागे माणूस असावे.

इतके करूनही आकाशात धूर दिसला, तर जनित्र आणि बॅटरी दोन्ही तोडावी, हवेच्या खिडक्या उघडाव्या, आणि जवळात जवळ जेथे उतरता येईल तेथे उतरावे. ज्वाला विझली म्हणजे संकट टळले असे समजू नये; घट आतून तापलेलाच असतो आणि पुन्हा पेटतो. जमिनीवर आल्यावर भरपूर पाण्याने तो थंड करणे हाच उपाय.

श्रोत्यांपैकी विमान बांधणारे विरळाच असतील. परंतु विजेची स्कूटर पुष्कळांच्या दारी आली आहे. विमानाचा नियम तिलाही लागू आहे. तिची बॅटरी निजण्याच्या खोलीत किंवा जिन्याच्या वाटेवर चार्ज करू नये, रात्री सर्व निजले असता तर मुळीच नाही. कारण ती पेटली तर बाहेर पडण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे. बॅटरी चांगली आहे, यावर विश्वास असावा. परंतु घराची आणि विमानाची मांडणी मात्र ती एक दिवस बिघडेल असे धरूनच करावी.