शिकणें आणि शिकविणें



आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी हें माढा तालुक्यांतलें लहानसें गांव. तेथील प्राथमिक शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली! पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून धडे व कविता फोनवर ऐकण्याची सोय त्यांनीं केली, हें सर्वांस ठाऊक आहे. पण मुलांच्या घरीं कानडी आणि पुस्तक मराठी, म्हणून गुरुजी आधीं स्वतः कानडी शिकले. आम्हांस अधिक मोल वाटतें तें याचें.

त्याच सालीं चर्चचीं दारें बंद झालीं व मिस्सा फोनवर आली. आम्हीं लिंक पाठविली आणि कर्तव्य संपलें असें मानिलें. फोन हातीं असूनही कित्येक वृद्ध माता मिस्सेस मुकल्या. पुढें दारें उघडलीं, तरी त्यांच्याजवळ बसून शिकविण्याचें आम्हीं लांबणीवरच टाकिलें.

आतां रविवारीं मिस्सेनंतर, धर्मशिक्षणाच्या बांकांवरच, नातवंडांनीं आजीस शिकवावें. एका वेळीं एकच गोष्ट, घाई न करितां. ओटीपी कोणास सांगूं नये, हें पहिल्याच दिवशीं. अक्षरओळख नसेल तर बोलून शोधतां येतें. चष्मा मात्र ज्याचा त्यानें आणावा.