निकालाआधीची तयारी

ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा भागातल्या तरुण डॉक्टरांनो, नीट-पीजीचा अर्ज इंटर्नशिप संपण्याआधीही भरता येतो. मात्र ती ठरलेल्या तारखेच्या आत पूर्ण व्हावी लागते. 2025 मध्ये परीक्षा 3 ऑगस्टला झाली, इंटर्नशिपची मुदत 31 जुलै होती. रजा जास्त झाल्या तर इंटर्नशिप लांबते आणि अख्खं वर्ष हातचं जातं. तेव्हा रजा जपून घ्या!

निकालासाठी कागदपत्रांचं काम अडवून ठेवू नका. ओबीसी उमेदवारांनी तर विशेष लक्ष द्यावं: अखिल भारतीय कोट्याला नॉन-क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याच्या सीईटी कक्षाला राज्याच्या नमुन्यात. दाखल्यांची मुदत तपासून दोन्हींसाठी सेतू केंद्रात आजच अर्ज करा.